गोटमारीचा झेंडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते व त्यावर झेंडा चढविला जातो. पूजा होते आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्णेकरांनी कुऱ्हाडीने झेंडा तोडून आणावयाचा, सावरगावकरांनी त्यांना अडवावयाचे, अशी ही गोटमार. सायंकाळपर्यंत शेकडो माणसे जखमी होतात. आजवर अनेकांनी प्राणही गमावले आहेत.

या झेंड्याचा अर्थ काय? एका दंतकथेप्रमाणे पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला पळवून नेत असता दोघेही भर पात्रात दगडांखाली मेली. दुसरी कथा या प्रथेचा संबंध भोसल्यांच्या सैन्याच्या युद्धसरावाशी जोडते. पहिली कथा मानली, तर एका काठाला तो लेकीची अब्रू वाटावा, दुसऱ्याला सुनेचा मान. पण ज्या घरातला कर्ता पुरुष त्या दिवशी परतला नाही, त्या घराला त्यात काय दिसत असेल?

असा प्रश्न अन्यत्रही उभा राहिला आहे. अमेरिकेत दक्षिणेकडील राज्यांनी यादवी युद्धात वापरलेला ध्वज काहींना पूर्वजांच्या शौर्याची खूण वाटतो, तर कृष्णवर्णीयांना गुलामगिरीची. 2015 साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांची हत्या झाल्यावर दक्षिण कॅरोलायना राज्याने तो विधानभवनाच्या आवारातून उतरविला व संग्रहालयाकडे सोपविला. पूर्वजांची आठवण राखण्यास कोणाची मनाई नव्हती. ती कोठे मिरवावी, एवढाच वाद होता.

आपल्याजवळचे उदाहरण नागपूरचे. पांढुर्णा तेव्हा मध्यप्रांतातच होते. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात चरख्याचा तिरंगा घेऊन निघालेल्या स्वयंसेवकांनी तुरुंग पत्करला, पण कोणावर दगड उचलला नाही. त्यामुळे झेंड्याचा मान उणावला नाही, उलट वाढला.

पांढुर्ण्यात प्रशासनाने मनाईहुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. उपयोग झाला नाही. श्रद्धेची गोष्ट केवळ हुकमाने बदलत नाही, तिला श्रद्धेतूनच वाट द्यावी लागते. ती वाट या प्रथेतच आहे. झेंडा तुटला नाही, तर दोन्ही गावे समेट करतात आणि तो चंडीमातेच्या मंदिरात नेला जातो. म्हणजे कोणी जिंकल्यावाचूनही देवीची पूजा पूर्ण होते, हे दोन्ही काठांना मान्य आहे. जो समेट सायंकाळी रक्त सांडल्यावर होतो, तो सकाळी पूजेच्या वेळीच झाला, तर परंपरेचे काय उणे होईल?