छायाचित्राखालील वऱ्हाडी शब्द

अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांवर व पानपिंपळीवर एखाद्या नियतकालिकासाठी सचित्र लेख लिहिणाऱ्या मुक्त लेखकाची कसोटी छायाचित्रापेक्षा त्याखालील ओळीत लागते. मळेकरी ‘मले’, ‘कायी माती’ म्हणतो. संपादक त्याचे ‘मला’, ‘काळी माती’ करतो, आणि सर्वसामान्य वाचकाचा विचार करता त्याला सर्वस्वी दोषही देता येत नाही. परंतु ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ तेथेच लोपतो. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद आहे. तथापि नमुन्यादाखल उधळ्या मुलाचा दाखला घेतल्यावर पानमळ्याची परिभाषा तीत कोठून येणार? लेखागणिक मानधन घेणाऱ्यास संपादकाशी वाद परवडत नाही. निदान मूळ टिपणवही त्याने जपावी, आणि छायाचित्राच्या पाठीवर बोललेला शब्द, गाव व तारीख लिहून ठेवावी.