जळालेले गॅरेज आणि मामांचा तळपाय

जानेवारीतल्या एका रात्री पावणेतीन वाजता नाशिकहून मामींचा फोन आला. बंगल्याच्या कडेचे गॅरेज पेटले होते. अग्निशमन दलाचा बंब येऊन गेला होता, आग विझली होती, राहत्या घराला धग लागली नव्हती आणि दोघेही सुखरूप होते. "यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतात," मामी म्हणाल्या. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरात होते. ते लावून पाहायला सांगितले. आकडा ९८ आला. "मग काळजीचं कारण नाही, झोपा आता," असे सांगून मी फोन ठेवला.

तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केलेल्या माणसाने दिलेला हा सल्ला साफ चुकीचा होता. मामा ट्रंक बाहेर काढण्यासाठी दोनदा धुरात शिरले होते, हे मी विचारलेच नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. माणूस आतून गुदमरत असला तरी यंत्र ९८ दाखवू शकते. धुरात सापडलेल्या व्यक्तीचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, ती गोंधळल्यासारखी बोलत असेल, आवाज बसला असेल किंवा थुंकीत काजळी दिसत असेल, तर आकडा काहीही असो, तिला रुग्णालयात न्यावे. तेथे रक्ताची वेगळी तपासणी होते आणि मास्कमधून भरपूर प्राणवायू देता येतो. साध्या हवेत हा वायू निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात. प्राणवायू दिल्यास तोच काळ तास-दीड तासावर येतो. मामांचे डोके सकाळपर्यंत उतरले, हे आमचे नशीब. हृदयविकार असलेल्या दुसऱ्या एखाद्या वृद्धाच्या बाबतीत ती रात्र अशी सरली नसती.

तिसऱ्या दिवशी मी पुण्याहून नाशिकला पोहोचलो. फाटकातून आत शिरतानाच ओल्या कोळशाचा आणि जळक्या प्लास्टिकचा उग्र दर्प आला. मामा गॅरेजमध्ये होते. वय ७८, आयुष्य एस.टी.च्या आगारात गाड्यांच्या इंजिनांशी गेलेले; निवृत्तीनंतर हे गॅरेज हीच त्यांची कार्यशाळा. नाकाला उपरणे गुंडाळलेले, पायांत रबरी स्लिपर, हातात खराटा. भिंतीवरची काजळी ते कोरड्या खराट्याने खाली पाडत होते आणि ती तितक्याच वेगाने त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, पापण्यांवर बसत होती. मला पाहून म्हणाले, "आलास? बरं झालं. ती पक्कड दे जरा."

काजळीविषयी आपल्या मनात एक सौम्य भाव असतो. चुलीच्या काजळीत वाढलेली पिढी ती. पण गॅरेजमधली काजळी लाकडाच्या धुराची नसते. तेथे तारांवरचे आवरण जळते, टायर जळतात, फोमची आसने, रंगाचे डबे, थिनर, तेलकट चिंध्या जळतात. या काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की उपरणे, रुमाल किंवा ओढणी यांतून ते सहज पार होतात आणि थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार असलेल्यांना त्याचा त्रास त्याच दिवशी होतो. धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा काजळीशी संबंध आहे, हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली लिहून ठेवले. एका आठवड्याच्या साफसफाईने कर्करोग होतो असे कोणी म्हणणार नाही. तरीही ती अंगावर घेण्याची वस्तू नव्हे.

मामांना मी बाहेर ओसरीवर बसवले. छाती तपासली, श्वासाबरोबर बारीक शिटीसारखा आवाज येत होता. ते पाय धुऊन आत गेले आणि पाठोपाठ मामींची हाक आली. पायपुसण्यावर ओला डाग होता. उजव्या तळपायाला, करंगळीच्या खालच्या बाजूस, रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि आतली कातडी पांढुरकी दिसत होती. मामांना २२ वर्षांचा मधुमेह आहे. पाय कशावर पडला, कधी पडला, त्यांना काहीच कळले नव्हते.

ते कशावर पडले असावे याचा शोध मी नंतर घेतला. कोपऱ्यात कापसाच्या दोन जुन्या गाद्या जळून काळ्याठिक्कर पडल्या होत्या. वरून पाणी मारलेले, हाताला गार. काठीने उकरले तर आतून धूर निघाला. कापसाची गादी, लाकडी भुश्याची पोती, कागदांचे गठ्ठे वरून विझले तरी आत दिवसेंदिवस धुमसत राहतात. अशी गादी ओढून मोकळ्या जागेत न्यावी, उसवावी आणि कापूस पाण्यात बुडवावा. पण ते काम तरण्याताठ्या, पायांत बूट घातलेल्या माणसाचे. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने मंद झाली आहे त्यांनी जळलेल्या जागेत पाऊलच टाकू नये. ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनाही हेच सांगतो. तेथे फुटक्या काचा असतात, खिळे असतात, आणि लहानशी चीर बराच वेळ वाहत राहते. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे मामांना आठवत नव्हते. त्याच संध्याकाळी ती दिली.

नव्याने भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. मामांची जखम मात्र शिळी होती. स्वच्छ मलमपट्टी, तपासण्या, आणि त्या पायावर भार न देण्याची सक्त ताकीद. गॅरेजची किल्ली मामींनी आपल्या कमरेला खोवली.

आता काम कसे केले ते सांगतो.

घाई करण्यासारखे एकच काम असते, ते म्हणजे छायाचित्रे काढण्याचे. विमा असेल तर कंपनीचा सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत एकही वस्तू हलवू नये. पोलीस ठाण्यातली जळिताची नोंद, पंचनामा आणि अग्निशमन दलाचा दाखला यांच्या प्रती मागून घ्याव्यात. मामांनी तीन दिवसांत अर्धे गॅरेज आवरून टाकल्यामुळे पुढे त्यांना बऱ्याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली.

वीज मूळ ठिकाणाहून बंद ठेवली आणि दिवसाच्या उजेडातच काम केले. आग इन्व्हर्टरच्या जुन्या जोडातून लागली होती. त्याची बॅटरी तडकून आम्ल फरशीवर सांडले होते. त्यावर खाण्याचा सोडा टाकला. फेस येणे थांबेपर्यंत टाकत राहावे लागते, हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. हल्ली अनेक घरांत विजेवर चालणारी दुचाकी असते. तिची लिथियमची बॅटरी आगीत सापडली असेल तर तिला हात लावू नका. काही तासांनी, कधी काही दिवसांनीही ती पुन्हा पेट घेते आणि तिचा धूर विषारी असतो. अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवून त्यांनाच ती हलवू द्यावी. धग लागलेला गॅसचा सिलिंडरही वितरकाकडेच सोपवावा, रिकामा असला तरी.

माझे लक्ष एकसारखे छपराकडे जात होते. जुन्या बंगल्यांच्या अनेक गॅरेजांवर सिमेंटचे नालीदार पत्रे असतात आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड असतो तोवर फारसे बिघडत नाही. आगीत तो तडकला, फुटला की त्याचे अदृश्य तंतू हवेत मिसळतात आणि फुप्फुसात गेले की तेथेच राहतात. मामांच्या गॅरेजचे दोन पत्रे फुटले होते. तुकडे झाडू नयेत, आपटून आणखी फोडू नयेत. पाणी शिंपडून पूर्ण ओले करावेत, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधावेत आणि नगरपालिकेच्या लोकांना वेगळे सांगून द्यावेत.

दोन तरुण माणसे कामाला लावली. त्यांना एन-९५ मुखपट्ट्या, पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट आणि मोजे मी आणून दिले. मजुरांना या गोष्टी द्यायला आपण विसरतो. त्यांचीही फुप्फुसे आपल्यासारखीच असतात. एन-९५ धूळ अडवते, वायू अडवत नाही. म्हणून दार-खिडक्या सताड उघड्या हव्यात. जमिनीवरच्या राखेवर पाण्याचा हलका फवारा मारून ती ओली करूनच उचलली. भिंतींचा प्रकार उलटा: तेथे आधी पाणी मारले की तेलकट काजळी भिंतीत मुरते आणि डाग पसरतो. प्रथम व्हॅक्यूम क्लीनरने, भिंतीला न घासता, सुटी काजळी ओढून घ्यावी, मग साबणाचे पाणी. भिंत खालून वर पुसावी. वरून खाली पुसल्यास ओघळांचे पट्टे उमटतात. कामाचे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. आणि छताचे प्लास्टर कोठे फुगले असेल तर अभियंत्याने पाहीपर्यंत त्याखाली कोणी उभे राहू नये.

खरा वाद झाला तो लोणच्यावरून. मामींची पाच किलो कैरीचे लोणचे असलेली चिनी मातीची बरणी गॅरेजच्या मांडणीवर होती. बरणीला तडा नव्हता. वर नेहमीप्रमाणे दादरा बांधलेला. तो काळा झाला होता, इतकेच. "वरचा थर काढून टाकते, खालचं चांगलं आहे," असे मामींचे म्हणणे. पण ज्या फडक्यातून हवा जाते त्यातून धूरही जातो, आणि तेल धुरातली द्रव्ये शोषून घेते. आगीची धग किंवा धूर लागलेले धान्य, लोणची, पापड, तेल, सारे टाकूनच द्यावे. औषधांचेही तेच. मामांच्या इन्सुलिनचा साठा सुदैवाने घरातल्या फ्रिजमध्ये होता. पण गॅरेजच्या कपाटात ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या वरून धडधाकट दिसत असूनही मी टाकायला लावल्या. उष्णतेने औषध निकामी झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही. लोणचे गेले. बरणी साबणाने आणि मग उकळत्या पाण्याने धुऊन ठेवली. मामी दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलल्या.

पितळेचा बंब, तांब्याची घागर, मामांची पाने आणि पकडी वाचल्या. काजळी आम्लधर्मी असते, धातूला खात जाते; म्हणून भांडी आणि हत्यारे जितक्या लवकर धुऊन, पुसून, तेलाचा हात देऊन ठेवाल तितके बरे. मामा ओसरीवर पाय स्टुलावर ठेवून बसले आणि एकेक पाना पुसत राहिले. वृद्ध माणसाला "तुम्ही काही करू नका" असे सांगून खोलीत बसवणे हे औषध नव्हे. त्याच्या हाताला सुरक्षित जागी काम द्यावे.

ज्या ट्रंकेसाठी ते धुरात शिरले होते तिच्यात लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रे आणि मामींच्या आईचे शालू होते. पाणी आत गेले होते. ओले कागद आणि फोटो दोन दिवसांत बुरशी धरतात आणि एकमेकांना चिकटून वाळले की मग सुटत नाहीत. चिकटलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवले आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरले, पुसले नाहीत. कागदांचा गठ्ठा तेवढ्यात हाताळणे शक्य नव्हते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवला. ओल्या कागदाची नासाडी थंडीत थांबते, आणि सवडीने एकेक पान वाळवता येते. खरेदीखताची काळजी फारशी नव्हती. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळते. शालूंना पाणी लावले नाही, झटकलेही नाहीत. सावलीत टांगून मग ड्रायक्लीनिंगला दिले. एक वाचला नाही.

नऊ फोटो गेले. त्यांत मामांच्या वडिलांचा एकुलता एक फोटो होता. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर पंधरा दिवस रात्री उठून गॅरेजच्या कुलपाला हात लावून येत. धुराचा वास येतो म्हणत. घरात वास नसे. जेवण कमी झाले, साखर वर-खाली होऊ लागली. आगीनंतर अशी झोपमोड काही आठवडे होते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. महिन्याहून अधिक टिकली, माणूस बोलेनासा झाला, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. मामांच्या बाबतीत उपाय सापडला तो बंगळुरूला राहणाऱ्या त्यांच्या मुलाकडे: आजोबांच्या त्या फोटोची त्याने पूर्वी मोबाइलमध्ये टिपलेली प्रत होती. थोडी तिरपी, कोपऱ्यात ट्यूबलाइटचा झोत पडलेली. तीच मोठी करून भिंतीवर लावली आहे.

तळपाय भरायला सात आठवडे लागले. इन्व्हर्टर आता गॅरेजबाहेर, मोकळ्या हवेच्या कोनाड्यात आहे आणि वायरिंग सगळे नवे. जूनमध्ये मामींचा निरोप आला: बरणी भरली आहे, येताना रिकामा डबा घेऊन ये.