लवंग तेलाचा पापुद्रा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे आजही आधी लवंगांची डबी शोधली जाते. दाढेखाली धरलेल्या लवंगेतून जो झणझणीत अर्क पाझरतो, त्यातला मुख्य घटक युजेनॉल. हाच घटक विघटनशील वेष्टनात घालून अन्नातल्या जंतूंना आवर घालता येईल का, यावर अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे. काम मोलाचे आहे, म्हणूनच त्याभोवतीचे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

गैरसमज १: हे म्हणजे पिशवीला अत्तर फासणे.

वस्तुस्थिती: तेल वरून फासत नाहीत, पापुद्र्यातच मुरवतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारे कायटोसॅन घ्या. त्याची पूड साध्या पाण्यात विरघळत नाही. १ टक्का ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात, म्हणजे पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये, ती तासन्‌तास ढवळतात. लवचीकपणासाठी ग्लिसरीन घालतात, मग लवंग तेल. तेल-पाणी फुटू नये म्हणून पायसीकारक घालून जोरात घुसळतात. हे मिश्रण सपाट थाळीत ओतून वाळवले की आंबापोळी ताटातून सोडवावी तसा, पण तिच्याहून कितीतरी पातळ, पिवळसर पापुद्रा निघतो.

गैरसमज २: उग्र वासाने जंतू मरतात.

वस्तुस्थिती: मारतो तो वास नव्हे, रेणू. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड हे जंतूच्या पेशीपटलातल्या स्निग्ध थरात शिरतात. पटल गळके होते, पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपतात आणि पेशी कोलमडते. मात्र सगळे जंतू सारखे नाहीत. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते, त्यामुळे ते सहसा जास्त चिवट ठरतात.

गैरसमज ३: काचेच्या बशीत जंतू मेले, म्हणजे पनीरही टिकणार.

वस्तुस्थिती: पनीर, मासे, मटण यांतली चरबी आणि प्रथिने तेलाला स्वतःकडे ओढून घेतात, जंतूंच्या वाट्याला थोडेच उरते. म्हणून तेल वाढवावे, तर पनीरलाच लवंगेची चव येते आणि बहुधा पापुद्राही कमकुवत होतो. यावर उपाय म्हणून तेल अतिसूक्ष्म थेंबांत किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनच्या रेणूंत कोंडून ते हळूहळू सुटेल, अशी सोय करतात. मक्यासारख्या पिकांपासून बनणाऱ्या पीएलए प्लास्टिकमध्ये अडचण वेगळीच आहे: ते दीडशे अंशांपेक्षा जास्त तापवून वितळवावे लागते आणि तेवढ्यात बरेचसे तेल उडून जाते.

गैरसमज ४: असे वेष्टन असले की फ्रिज नको.

वस्तुस्थिती: हे वेष्टन जंतूंची वाढ मंदावते, अन्न निर्जंतुक करत नाही. लिस्टेरिया तर फ्रिजच्या ४ अंश सेल्सिअसलाही वाढतो. थंडावा आणि स्वच्छता हेच मुख्य पहारेकरी, वेष्टन त्यांचा मदतनीस.

गैरसमज ५: नैसर्गिक म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती: युजेनॉलच्या रोजच्या सेवनाची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने घातलेली मर्यादा वजनाच्या दर किलोमागे २.५ मिलिग्रॅम आहे; ६० किलोच्या माणसाला दिवसाला १५० मिलिग्रॅम. म्हणून पापुद्र्यातून अन्नात किती तेल उतरते, हे मोजावेच लागते. बाजारातल्या बाटलीतले तेल घरच्या डब्याला चोळणे हा त्याला पर्याय नाही.

गैरसमज ६: विघटनशील आहे, कुठेही टाका.

वस्तुस्थिती: स्टार्च किंवा कायटोसॅनचा पापुद्रा मातीत तुलनेने लवकर कुजतो. पीएलएला मात्र साधारण ५८ ते ६० अंशांची औद्योगिक खतभट्टी लागते. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. भारतात कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे.

असे वेष्टन हाती आले, तर तीन गोष्टी विचारा: ते कोणत्या पदार्थासाठी तपासले आहे, किती तापमानाला, आणि वापरून झाल्यावर कुठे टाकायचे? भातात दोन लवंगा घातल्या तर स्वाद येतो, मूठभर घातल्या तर भात तोंडात धरवत नाही. स्वयंपाकघरातले हे प्रमाणाचे भान प्रयोगशाळेतही तितकेच लागते. ते सांभाळले, तर लवंगेचा गुण अन्न वाचवण्याच्या कामी नक्की येईल.