वीसपट दाबाची हवा

विमानाच्या अभ्यासासाठी लागणारं हे यंत्र बांधलं जहाजवाल्यांनी. व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत तयार झालेली पोलादी टाकी: साडेचौतीस फूट लांब, १५ फूट व्यासाची, भिंती दोन इंचांहून जाड, वजन ८५ टन. अमेरिकन सरकारच्या वैमानिकी संशोधन समितीने, म्हणजे ‘नाका’ने, ती जवळच्याच लँग्लीच्या प्रयोगशाळेत बसवली आणि १९२२ मध्ये चालू केली. नाव व्हेरिएबल डेन्सिटी टनेल, म्हणजे हवेची घनता बदलता येणारा वाऱ्याचा बोगदा.

विंड टनेल ही काही नवी चीज नव्हती. राइट बंधूंनी १९०१ मध्येच लाकडी खोक्यात वारा सोडून पंखांचे इवले नमुने तपासले होते. घोडं अडत होतं ते मापावर. लहान मॉडेलवरून जाणारी हवा खऱ्या पंखावरच्या हवेसारखी वागत नाही. आकार विसाव्या हिश्शावर आणला आणि वेग तोच ठेवला, तर हवेच्या चिकटपणाचा प्रभाव वीसपट वाढतो. यामागचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मँचेस्टरमध्ये नळीतल्या पाण्यावर प्रयोग करून १८८३ मध्येच मांडलं होतं. भरपाई म्हणून वारा वीसपट जोराने सोडावा, तर ताशी शंभर मैलांचे दोन हजार मैल होतात. म्हणजे आवाजालाही मागे टाकलं, आणि तिथे हवेचे नियमच वेगळे.

मॅक्स मुंकने यातून वाट काढली. वेगाला हात न लावता हवाच वीसपट दाट करायची. दाब वाढवला की घनता वाढते, चिकटपणा मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. म्हणून ती जाड टाकी.

मुंक जर्मनीतल्या गटिंगेनला वायुगतिकीचे प्राध्यापक लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली तयार झालेला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. शत्रूदेशातल्या या माणसाला अमेरिकेत घ्यायला आणि सरकारी नोकरी द्यायला राष्ट्राध्यक्ष विल्सनना वेगवेगळे आदेश काढावे लागले. बुद्धी अफाट, पण जुळवून घेणं ठाऊक नाही. १९२७ मध्ये लँग्लीतल्या विभागप्रमुखांनी त्याच्याविरुद्ध बंडच केलं आणि मुंकला जावं लागलं. त्याच वर्षी टाकीतलं लाकडी काम आगीत जळालं. वीसपट दाबाच्या हवेत प्राणवायूही वीसपट, हे इथे विसरून चालत नाही.

टाकी पुन्हा उभी राहिली आणि तिचं खरं काम झालं ते लँग्लीतला अभियंता ईस्टमन जेकब्सच्या हातून. पाच इंच रुंद, तीस इंच लांब धातूचे पंख, प्रत्येकाचा छेद थोडा वेगळा. एकूण ७८ छेदांचे निकाल १९३३ मध्ये छापले गेले. प्रत्येकाला चार आकडी नाव. २४१२ घ्या. पहिला २ म्हणजे पंखाची मधली रेषा रुंदीच्या २ टक्के वर उचललेली; ४ म्हणजे तो उंचवटा पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर; १२ म्हणजे जाडी १२ टक्के. नावातच नकाशा. अभियंत्याने तक्ता उघडावा आणि हवा तो पंख उचलावा. डग्लसने डीसी-३ साठी मुळाशी २२१५ घेतला; १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणारी डाकोटा त्याच घराण्यातली. सेस्ना १७२ ला २४१२ मिळाला.

माझ्या मते या यंत्राची थोरवी त्या तक्त्यात आहे, मोजमापाच्या अचूकपणात नाही. कारण टाकीतला वारा फार खळबळीचा होता. मोकळ्या आकाशातली हवा पुष्कळच शांत असते, त्यामुळे आकडे दुरुस्त करून वापरावे लागत. जेकब्सला हे सलत राहिलं. त्याने कमी खळबळीचे बोगदे बांधवून घेतले आणि हवा पंखाला न ढवळता सरकत जाईल असे छेद शोधले. त्या विचारावर बेतलेला पंख घेऊन १९४० मध्ये मस्टँग हे लढाऊ विमान उडालं. विमान उत्तम निघालं. पण रिव्हेट, धूळ आणि पंखावर चिरडलेले किडे यांनी हवा ढवळायची ती ढवळलीच.