खडूच्या डोंगरधारेवरची सायकलवाट

दक्षिण इंग्लंडमध्ये विल्टशायरमधल्या ओव्हर्टन हिलपासून ईशान्येला आयव्हिंगो बीकनपर्यंत ‘रिजवे’ नावाची वाट जाते. तिची लांबी सुमारे १४० किलोमीटर आहे. १९७३ साली ती राष्ट्रीय पायवाट म्हणून अधिकृतपणे खुली झाली. वापर मात्र फार जुना, निदान पाच हजार वर्षांचा मानला जातो. गोरिंग आणि स्ट्रीटली या जोडगावांपाशी थेम्स नदी तिचे दोन भाग करते. नदीच्या पूर्वेला वाट चिल्टर्न टेकड्यांच्या रानातून जाते आणि तिचे बरेच तुकडे फक्त चालणाऱ्यांसाठी राखलेले आहेत. पश्चिमेचा सुमारे ७० किलोमीटरचा भाग सायकलला पूर्ण खुला आहे. रुंद, उघडा, दोन्ही बाजूंना शेते आणि कुरणे असलेला हा भाग माउंटन बाइकवाल्यांचा विशेष आवडता. नवाश्मयुगातली थडगी, शिलावर्तुळे, लोहयुगातले डोंगरी कोट आणि टेकडीच्या उतारावर कोरलेला तीन हजार वर्षांचा घोडा, एवढे सगळे या एका टप्प्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ आहे.

हा योगायोग नाही. या साऱ्याच्या मुळाशी खडूचा दगड आहे. क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात, म्हणजे दहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म शेवाळांच्या चुनखडी कवचांचा थर तळाशी साचत गेला आणि पुढे तो वर उचलला गेला. उत्तरेला तीव्र उताराची कड आणि दक्षिणेला हळूहळू उतरत जाणारी पाठ, अशी या डोंगरांची ठेवण आहे. खडू पाणी धरत नाही. पावसाचे पाणी झिरपून थेट पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, म्हणून गावे पायथ्याला वसली आणि माथा कोरडा राहिला. खालची दरी चिखलाची आणि दाट झाडीची असताना माथ्यावरून चालणे सोपे होते, शिवाय दूरवर नजर जायची. खडूत सापडणाऱ्या चकमकीपासून हत्यारे बनत. माती पातळ आणि दगड मऊ असल्यामुळे खंदक खणणे, बांध घालणे हरणाच्या शिंगांच्या कुदळींनीही जमत असे. पुढे या कोरड्या माळावर मेंढ्या चरत राहिल्या, नांगर कमी चालला, त्यामुळे मातीची ही कामे टिकली.

अर्थात आजची वाट सगळीकडे तेवढीच जुनी आहे असे समजणे चुकीचे ठरेल. पश्चिम टोकाच्या एव्हबरी गावाजवळ ती प्रागैतिहासिक शेतांच्या बांधांवरून आडवी गेलेली दिसते, म्हणजे निदान तिथे तरी आधी शेते होती आणि वाट नंतर आली. मुळात हा एक रस्ता नव्हता. माथ्यावरून ज्याला जसे सोयीचे तसे जाणाऱ्या अनेक पायवाटांचा तो पट्टा होता. अठराव्या शतकापासून शेतांना कुंपणे पडली आणि हा पट्टा एका ठरावीक रुंदीत बांधला गेला.

सायकल कुठे न्यायची हे इंग्लंडमध्ये वाटेच्या कायदेशीर दर्जावरून ठरते. जमीन खासगी असली तरी तिच्यावरून जाण्याचा लोकांचा हक्क शाबूत असतो. पाऊलवाट, घोडेवाट आणि गाडीवाट असे त्याचे ठोकळ प्रकार आहेत. पाऊलवाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. घोडेवाटेवर तो १९६८ च्या ग्रामीण भागविषयक कायद्याने मिळाला, पण एका अटीवर: चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. पाऊलवाटेच्या खांबावर पिवळा बाण असतो, घोडेवाटेच्या खांबावर निळा. रिजवेवर त्याच्या जोडीला ओकच्या फळाची खूण दिसते, पण ती केवळ राष्ट्रीय वाटेची ओळख आहे. तिच्यावरून सायकलला परवानगी आहे असे समजू नये. थेम्सच्या पूर्वेला नवख्यांची फसगत होते ती इथेच.

पश्चिमेकडून सुरुवात करायची तर ओव्हर्टन हिलच्या आधी एव्हबरी पाहून घ्यावे. बाहेरचे शिलावर्तुळ सुमारे ३३० मीटर व्यासाचे आहे. जगातले हे सर्वांत मोठे शिलावर्तुळ. भोवतालचा खंदक मुळात सुमारे नऊ मीटर खोल होता. बांधकाम इ.स.पू. २८५० ते २२०० या काळात टप्प्याटप्प्याने झाले. स्टोनहेंजला दोरीच्या पलीकडून दगड पाहावे लागतात. इथे दगडांमधून फिरता येते, आणि वर्तुळाच्या आत गाव आहे, पबही आहे. विदर्भात जुनापाणीसारख्या ठिकाणची शिलावर्तुळे पाहिलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, पण ती लोहयुगातली दफनस्थाने आहेत. एव्हबरीचे वर्तुळ त्यांच्या कितीतरी आधीचे आणि ते दफनासाठी उभारलेले नव्हते.

या दगडांचे हाल माणसांनीच केले. मध्ययुगात काही दगड पाडून पुरले गेले. १९३८ च्या उत्खननात अशाच एका पुरलेल्या दगडाखाली एका माणसाचा सांगाडा निघाला. सोबत चौदाव्या शतकातली नाणी होती. सतराव्या-अठराव्या शतकांत घरे बांधण्यासाठी दगड तापवून, वर थंड पाणी ओतून फोडले गेले. ही मोडतोड डोळ्यांसमोर चालू असताना विल्यम स्टुकली या अभ्यासकाने नोंदी आणि रेखाटने केली, म्हणून मूळ मांडणीचा अंदाज आज बांधता येतो. १८७१ साली इथे घरे उठण्याची वेळ आली तेव्हा जॉन लबक यांनी जमीनच विकत घेतली. ब्रिटनमधला प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा १८८२ चा पहिला कायदा त्यांच्याच पुढाकाराने झाला. १९३० च्या दशकात मुरंब्याच्या व्यवसायातून श्रीमंत झालेल्या घराण्यातल्या अलेक्झांडर कीलर यांनी पडलेले दगड पुन्हा उभे केले. जवळच सिलबरी हिल ही युरोपातली सर्वांत मोठी प्रागैतिहासिक मानवनिर्मित टेकडी आहे. ती कशासाठी रचली हे कोडे उत्खननांनंतरही सुटलेले नाही. तिच्यावर चढायला मनाई आहे.

ओव्हर्टन हिलवरून वाट उत्तरेला चढते. उजवीकडे फायफील्ड डाउनच्या कुरणात सार्सन दगड विखुरलेले आहेत. लांबून ते बसलेल्या मेंढ्यांसारखे दिसतात. वालुकाश्माचे हे कठीण धोंडे एव्हबरीला इथूनच गेले असावेत. स्टोनहेंजचे बहुतेक मोठे सार्सन जवळच्याच वेस्ट वुड्स भागातले असल्याचे २०२० मध्ये रासायनिक विश्लेषणाने दाखवून दिले. पुढे हॅकपेन हिलवरून वाट बार्बरी कॅसलला पोचते. नावात किल्ला असला तरी बुरूज-दरवाजे शोधू नयेत. हा लोहयुगातला डोंगरी कोट आहे: मातीचे दुहेरी बांध, मध्ये खंदक, आणि आत मोकळे गवताळ मैदान. रिजवे या कोटाच्या मधोमध जाते. बांधांवर सायकल घालण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, कारण चाकाने गवत उखडले की खालची माती पावसाबरोबर वाहून जाते, आणि संरक्षित स्मारकाची नासधूस हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

बार्बरीनंतर स्मीद्स रिजचा लांब, गवताळ उतार लागतो. सगळ्या वाटेवरचा सायकलसाठी सर्वांत सुखाचा तुकडा बहुधा हाच. खाली ऑगबर्न सेंट जॉर्ज गाव. उतारावर गमावलेली सगळी उंची पुढे लिडिंग्टनच्या चढावर परत कमवावी लागते. वाटेजवळची लिडिंग्टन कॅसलची टेकडी २७७ मीटर उंच आहे. सह्याद्रीत वाढलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण इथे दमवतात ते एकामागून एक येणारे छोटे चढ.

यानंतर बीच वृक्षांच्या वर्तुळात वेलंड्स स्मिदी हे नवाश्मयुगीन थडगे येते. इ.स.पू. ३६०० ते ३५५० च्या दरम्यान इथे लाकडी कोठीत चौदा जणांचे अवशेष ठेवून वर मातीचा ढिगारा रचला गेला. सुमारे शतकभराने त्याच्यावर दगडी कोठ्यांचे मोठे थडगे उभे राहिले. सॅक्सन लोक आले तेव्हा ते बांधून चार हजार वर्षे उलटली होती. बांधणाऱ्यांची काहीच ओळख नसल्याने त्यांनी ते आपल्या दंतकथेतल्या वेलंड या देवलोहाराच्या नावे केले. इ.स. ९५५ च्या एका सनदेत हे नाव येते. घोडा आणि एक नाणे ठेवून गेले की परत येईपर्यंत घोड्याला नाल ठोकलेला असतो, अशी लोककथा आहे.

तिथून दोन-अडीच किलोमीटरवर अफिंग्टनचा पांढरा घोडा. सुमारे ११० मीटर लांबीची ही आकृती जमिनीत चर खणून, त्यात खडूचा चुरा ठासून काढलेली आहे. पूर्वी ती सॅक्सन राजा आल्फ्रेडच्या विजयाची खूण मानत. १९९० च्या दशकात चरातल्या मातीवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजण्याची पद्धत वापरली गेली आणि काळ निघाला इ.स.पू. १३८० ते ५५० च्या दरम्यानचा. वय कळले, पण त्याहून नवलाची गोष्ट ही की हा घोडा सांभाळला नाही तर काही वर्षांत गवताखाली नाहीसा होईल. म्हणजे शंभरेक पिढ्यांनी, धर्म आणि भाषा बदलल्या तरी, गवत उपटून खडू भरण्याचे काम सोडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात या साफसफाईच्या वेळी जत्रा भरे. आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखाली स्वयंसेवक खडू कुटतात. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून घोडा झाकला होता. गंमत अशी की टेकडीवर उभे राहून घोडा नीट दिसत नाही. तो पाहायचा तर उत्तरेच्या दरीत उतरावे लागते, आणि मग परतीचा चढ चुकत नाही.

अफिंग्टनच्या पुढे स्मारके विरळ होतात. सेग्सबरी हा आणखी एक कोट, बाकी घोड्यांच्या शर्यतींच्या सरावाची कुरणे आणि ईस्ट इल्स्लीच्या आसपासचा मोकळा माळ. इथे एकेकाळी मेंढ्यांचा मोठा बाजार भरे. मग वाट थेम्सकाठी स्ट्रीटलीला उतरते.

ज्यांना आणखी मोठा पल्ला हवा त्यांच्यासाठी ‘सायकलिंग यूके’ या संस्थेने २०२० मध्ये ‘किंग आल्फ्रेड्स वे’ हा ३५० किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग आखला. तो आल्फ्रेडची राजधानी विंचेस्टरहून निघून स्टोनहेंज, एव्हबरी, रिजवे, रेडिंग असा फिरत साउथ डाउन्सवरून विंचेस्टरला परततो. जुन्या घोडेवाटा आणि शांत रस्ते जोडून तो तयार केला आहे.

या वाटांना महागडी सायकल लागत नाही. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल पुरते. उन्हाळ्यात ग्रॅव्हल बाइकही चालते. टायर मात्र जाड आणि शक्यतो ट्यूबलेस हवा. चकमकीच्या कडा टायर कापतात, आणि कुंपणे छाटण्याच्या मोसमात वाटेवर काटे पडलेले असतात. ओला खडू साबणासारखा निसरडा होतो आणि मातीत मिसळला की चाकांना थापून बसतो, म्हणून मे ते सप्टेंबर हा काळ बरा. माथ्यावर पाणी नाही, मोजके नळ आहेत. दोन बाटल्या भरून निघावे, नाहीतर पाण्यासाठी पायथ्याच्या गावात उतरून पुन्हा चढावे लागते. पश्चिम भाग दोन दिवसांत निवांत होतो, दमदार सायकलस्वार तो एका दिवसात उरकतात. सुरुवातीला स्विंडन आणि शेवटी गोरिंग ही रेल्वे स्थानके सोयीची आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलसाठी आधी जागा राखून ठेवावी लागते.