ऑरलँडोचा 'उद्याचा टीव्ही' का रखडला?

हवा तो सिनेमा हवा तेव्हा, घरबसल्या खरेदी, शेजाऱ्याशी व्हिडिओ गेम. टाइम वॉर्नर या केबल आणि मनोरंजन कंपनीने 1993 मध्येच अमेरिकेतल्या ऑरलँडोत हे सगळं देण्याची घोषणा केली. नाव 'फुल सर्व्हिस नेटवर्क', लक्ष्य 4,000 घरं, मुहूर्त 1994 ची सुरुवात.

मुहूर्त टळला. मुख्य अडचण सॉफ्टवेअरची होती. साध्या केबलवर एकच सिनेमा सगळ्यांकडे एकाच वेळी जातो. इथे तुम्ही रिमोटवर 'पॉज' दाबलंत, की तो आदेश सर्व्हरपर्यंत जाऊन फक्त तुमच्या घरचा सिनेमा तिथल्या तिथे थांबायला हवा. शेजारच्या घरी तोच सिनेमा सुरू राहायला हवा. असं हजारो घरांसाठी एकाच वेळी करणारं सॉफ्टवेअर तयार मिळत नव्हतं, ते नव्याने लिहावं लागलं. टीव्हीवरचा सेट-टॉप बॉक्स म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्स या संगणक कंपनीच्या तंत्रज्ञानावरचा, हजारो डॉलर्सचा संगणकच. पडद्यावर फिरणारा त्रिमितीय मेन्यू त्या काळात थक्क करणारा होता!

अखेर 14 डिसेंबर 1994 ला उद्घाटन झालं, तेही अवघ्या काही घरांपुरतं. 4,000 चा आकडा गाठायला 1995 संपत आलं.

माझ्या मते त्या इंजिनिअरांनी अफाट काम केलं. चूक होती ती सॉफ्टवेअर तयार नसताना तारीख जाहीर करणाऱ्यांची. खर्च मात्र कधीच परवडणारा झाला नाही. 1997 मध्ये टाइम वॉर्नरने प्रयोग गुंडाळला.

नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग त्यानंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये आलं.