उसने घेतलेले पहारेकरी

पावसाळा लागला की धावड्यासारख्या गावात शेतात पाय जपून टाकावा लागतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस दिली जाते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या लशीशी जोडलेले आहे.

घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचतात आणि ती हळूहळू वाढवतात. घोड्याचे शरीर हा परका शत्रू ओळखते, त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तातून वेगळी काढली की औषध होते. माणसाच्या शरीरालाही ती करता येतात, पण त्याला दिवस लागतात आणि विष तेवढे थांबत नाही. म्हणून ही उसनवारी.

मात्र आपला घरचा पहारेकरी कधी या पाहुण्यालाच चोर समजतो. मग अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब घसरतो. त्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन आहे, पण ते द्यायला डॉक्टर समोर हवा. तेव्हा साप चावलेल्याला चालवू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. गाडी करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.